आमचे साडभाऊ आणि रुबीनाची कट्टी

या पृथ्वीतलावरच्या बहुतेक सगळ्या वस्तू आणि निम्म्याहून अधिक माणसं आमच्या मोठ्या साडभाऊंनी एकदा तरी हातोडीने वाजवून पाहिलेली आहेत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला आलापल्लीला. चार वर्षांचे असताना गोवरात त्यांची नजर गेली. पुढे कोणाच्या ध्यानीमनी नसताना ते सागाच्या व्यवसायात शिरले. लाकडाच्या लिलावाआधी व्यापारी त्यांना रिक्षात घालून डेपोत नेतात. साडभाऊ एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेऊन ओंडक्यांच्या रांगांतून फिरतात, एकेक ओंडका दोन्ही टोकांना वाजवतात आणि ‘भरीव’ किंवा ‘पोकळ’ एवढंच सांगतात. बाहेरून राजबिंडा दिसणारा साग आतून कसा रिकामा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या कशावरच त्यांचा विश्वास नाही. कोणाच्याही घरी गेले तरी ते खाट वाजवतात, दार वाजवतात, फणस वाजवतात. एकदा छाती भरली म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे पाठीवर बोटं ठेवून ठकठक केली. साडभाऊ म्हणाले, “असं नाई डाक्टरसाहेब, मनगट सैल सोडा,” आणि त्यांनी डॉक्टरांना पाठमोरं बसवून त्यांचीच पाठ वाजवून दाखवली. बाहेर पेशंटची रांग लागली होती. तेव्हापासून त्या डॉक्टरांचं निदान सुधारलं आहे असं आलापल्लीत म्हणतात.

माझी त्यांची पहिली भेट मात्र माझ्या मूर्खपणातून झाली. मी मुलगी पाहायला नागभीडला उतरलो, तेव्हा स्टँडवर काठी घेतलेले एक गृहस्थ उभे दिसले. त्या काळी मी नवीन मास्तर होतो आणि समाजसेवेने नुसता फुललेलो होतो. ब्रह्मपुरीची गाडी सुटत होती. मी त्यांच्या बखोट्याला धरलं, “काका, चला, घाई करा,” म्हणत त्यांना गाडीत चढवलं, एका शाळकरी मुलाला उठवून सीट दिली आणि स्वतःवर खूश होऊन मुलीच्या घरी गेलो. तिथे पोहे झाले, चहा झाला, पण पुढचं बोलणं काही सुरू होईना. थोरल्या जावयांना विचारल्याशिवाय काही ठरत नाही आणि थोरले जावई स्टँडवर चहा प्यायला म्हणून गेले ते आलेच नाहीत, असं कळलं. संध्याकाळी ते आले. म्हणाले, “कोण्या भल्या माणसानं ब्रह्मपुरीले पाठवलं होतं. तिथला चाहा चांगला हाय.” मी कबुली दिली. साडभाऊंनी मला उभं केलं, खिशातून हातोडी काढली आणि माझ्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तीन ठिकाणी वाजवून निकाल दिला, “भरीव नाई. पण कीडही नाई लागली. चालते.” माझं लग्न असं जमलं.

लोकांनी आंधळ्या माणसाला कसं वागवावं यावर साडभाऊंनी आयुष्यात एकही भाषण दिलेलं नाही. ते थेट इलाज करतात. त्यांच्यासमोर येऊन ‘ओळखा पाहू, मी कोण?’ असं विचारणारे लोक त्यांना जन्मभर भेटत आले. सगळ्यांना वाटतं, डोळे नसलेल्या माणसाला जगातला प्रत्येक आवाज पाठ असतो. साडभाऊ क्षणभर विचार करतात आणि त्या माणसाच्या घरातल्या कोण्या मयत नातेवाइकाचं नाव घेतात. “काऊन, बापूराव ना तुम्ही? पण तुम्ही तं गेले होते, मी मातीले आलो होतो.” विचारणारा पांढरा पडतो आणि पुढच्या वेळेपासून स्वतःचं नाव, गाव, बापाचं नाव सांगूनच रामराम घालतो.

तर हे साडभाऊ दसऱ्याला आमच्याकडे मुक्कामाला आले, आणि मी त्यांना मोठ्या अभिमानाने रुबीनाची हकिगत सांगितली.

मी नागभीडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतो. गादीवाल्या सलीमभाईंची रुबीना यंदा माझ्या वर्गात आली. तिला जन्मापासून दिसत नाही. ब्रेल शिकवणाऱ्या मॅडम तालुक्याहून आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे पाच दिवस ती माझ्या हवाली. आमच्या मुख्याध्यापिका मॅडम मनाने चांगल्या, पण धास्तावलेल्या. त्या मला म्हणाल्या, “सर, दिवाळीपर्यंत पाहू. मुलगी मुलांत रमली का ते एका पानावर लिहून द्या. नाही रमली तर चंद्रपूरच्या वसतिगृहात पाठवलेलं तिच्याच भल्याचं. मी सलीमभाईंना तसं सांगून ठेवलंय.” सलीमभाईंनी तर पत्र्याची पेटीही आणून ठेवली होती. पेंटरकडून तिच्यावर नावही घालून घेतलं होतं. रुबीनाची आई त्या पेटीकडे पाठ करूनच स्वयंपाक करायची, असं माझी बायको सांगत होती.

मी यासंबंधी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्यातलं मला दुसऱ्या दिवशीचं जेवण जास्त आठवतं, तरी पहिल्याच दिवशी मी वर्गात असं काही भाषण केलं की माझे मलाच डोळे पुसावे लागले. “ही आपली बहीण आहे, हिला जपायचं.” माझ्या बत्तीस पोरांनी माझं बोलणं इतकं मनावर घेण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रुबीनाला जपायला सुरुवात केली. तिचं दप्तर एकाने उचललं, पाटी दुसऱ्याने, चपला तिसऱ्याने. हजेरीला मी ‘रुबीना’ म्हटलं की बत्तीस जण ओरडायचे, “हाजिर!” लघवीला तिच्याबरोबर अकरा मुली जायच्या आणि परत येताना तिला जवळजवळ उचलून आणायच्या. खिचडी तिच्या ताटातून तिच्या तोंडात जायला चार हात लागायचे. लंगडीत तिला घेतलं की सगळे उभेच राहायचे आणि तिचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवून स्वतःच आऊट व्हायचे. गुलाब मडावी नावाचा मुलगा तर तिच्या पाटीवर तिच्याऐवजी रेघोट्या ओढून मला दाखवायला आणायचा. मी त्याला शाबासकी द्यायचो. पंधरा दिवसांत रुबीना बोलायची बंद झाली. मी हे शालीनतेचं लक्षण समजलो.

साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, आमच्या भिंतीवर सवयीने एकदा हातोडी वाजवली आणि म्हणाले, “मास्तर, उद्या येतो मी तुमच्या शाळेत.”

मी रात्री बायकोच्या जुन्या साडीच्या बत्तीस पट्ट्या फाडून ठेवल्या. पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्यांना व्हरांड्यातून चालवायचं, म्हणजे त्यांना आंधळेपण कळतं, हे मला प्रशिक्षणातलं आठवलं होतं. मुख्याध्यापिका मॅडमनाही कल्पना आवडली होती. त्या फोटो काढायला फोन चार्ज करून आल्या होत्या. साडभाऊंनी पट्ट्यांचा गठ्ठा चाचपला.

“हे कायले?”

मी समजावून सांगितलं.

“पट्टी बांधली तं लेकराले अंधार समजन, अन् भेव समजन. घरी जाऊन मायले सांगन, बापा, आंधळं होणं लय वाईट. मी का अंधारात बसलो का मास्तर? मी तं चाहा पेत बसलो.” मग मॅडमच्या दिशेने वळून म्हणाले, “फळा पुसाले ठेवा. कापड चांगलं हाय.”

मॅडम जरा हिरमुसल्या, पण पाहुण्याशी काही बोलायला हवं म्हणून त्यांनी शुद्ध भाषेत विचारलं, “आपल्याला जीवनात कशाची उणीव भासते?”

“तुमच्या इथी साखरेची,” साडभाऊ कप खाली ठेवत म्हणाले.

मग ते वर्गात पोरांमध्ये खाली बसले आणि म्हणाले, “इचारा. काहीबी इचारा. पण इचारणारानं आपलं नाव सांगायचं.” पोरं आधी लाजली. मग बांध फुटला. तुम्ही मच्छर कसा मारता? “तुमच्यासारखाच. माया गालावर मारतो, मच्छर पळून जाते.” झोपताना डोळे मिटता का? “मंग, उघडे ठेवून कोणाले दाखवू?” तुमाले कानानं जास्त ऐकू येते ना? “नाई बाप्पा. बायको म्हणते कमीच येते.” तुमची बायको दिसाले कशी हाय ते तुमाले माहीतच नसन ना? “तेच सांगते, लय सुंदर हाय म्हणून. तीस वर्षं झाले, आतालोक कोणी विरोध नाई केला.” मुलं हसून लोळायला लागली. मी मात्र रुबीनाकडे पाहत होतो. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा ती हसत होती, आणि तिच्या हाताला धरून ठेवायचं सगळे विसरले होते.

मग साडभाऊ सगळ्यांना व्हरांड्यात घेऊन गेले. आमच्या शाळेची ती इमारत जुनी. व्हरांड्याला सागाचे सहा खांब. साडभाऊंनी सहाही वाजवले आणि जाहीर केलं, “एक पोकळ हाय. कोणता ते मले माहीत हाय. तुम्ही शोधा.” मुख्याध्यापिका मॅडम लगेच छपराखालून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. साडभाऊंनी पोरांना बोटाच्या पेरांनी कसं वाजवायचं, कान लाकडाला कसा लावायचा ते शिकवलं. अर्धा तास शाळेत सुतारकामासारखी ठकठक चालली. माझी खात्री होती की रुबीना जिंकणार. तिला देवाने डोळ्यांच्या बदल्यात काही दिलं असणार, असं मी मॅडमच्या कानात सांगितलंही. एकेक जण चुकून बाद झाला आणि शेवटी दोघंच उरले. रुबीना म्हणाली, तिसरा. गुलाब मडावी म्हणाला, पाचवा.

“पाचवा,” साडभाऊ म्हणाले. “गुलाब जिंकला.”

मी दचकलो. त्यांना खुणेने सांगावं म्हणून डोळे मिचकावले. ते कोणाला मिचकावले हे लक्षात आल्यावर खोकलो. तोवर व्हरांड्यात एक आवाज घुमला. तो रुबीनाचा होता, हे कळायला मला वेळ लागला.

“बेइमानी केली यानं! हा खाली वाकला होता, मले समजलं. यानं पाहून सांगतलं!”

गुलाबचा चेहरा पडला. “भुसा पडला होता खांबाखाली. मले दिसला, तं मी का करू?”

“दिसला तं सांगाचं नाई! पाहणं नव्हतं खेळात!”

“काऊन नव्हतं?”

सगळी शाळा साडभाऊंकडे वळली. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, डेपोत कोणी इचारत नाई, कसं ओळखलं. वाजवून ओळख, भुसा चाचपून ओळख, नाई तं पाहून ओळख. खांब पाचवाच हाय. तू हरली.”

रुबीनाने आवाजाच्या अंदाजाने झेप घेतली आणि गुलाबच्या हाताला बोचकारलं. ज्या गुलाबने कालपरवापर्यंत तिच्या चपला उचलल्या होत्या, त्याने तिची वेणी धरून ओढली. दोघं धुळीत पडले. मी धावलो. साडभाऊंनी काठी आडवी धरली आणि ती थेट माझ्या पोटावर बसली.

“थांबा मास्तर. आता खेळून राह्यले ते. अशानं कोणी मरत नाई.”

त्या झटापटीत गुलाबने तिला ‘भांडखोर पोट्टी’ म्हटलं, तिने त्याला ‘भुसाखाऊ’ म्हटलं, आणि दोघांनीही करंगळी पुढे करून रीतसर कट्टी घेतली. तिची करंगळी कुठे आहे ते पाहून त्याने आपली तिथे नेऊन टेकवली, एवढं सहकार्य त्याने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबची आई पोराचा बोचकारलेला हात धरून तणतणत सलीमभाईंच्या घरी गेली. गावात बातमी पसरली, मीही मागोमाग पळालो. पोहोचलो तेव्हा ती दारातच उभी राहून ओरडत होती, “तुमच्या पोट्टीले आवरा भाऊ, पोराचा हात पाहा कसा केला!” सलीमभाईंनी तो हात नीट पाहून घेतला. मग आत वळून म्हणाले, “अरे सुनो, रुबीना की तक्रार आई है!” आतून तिची आई धावत आली. त्यांनी नवी भरलेली, गिऱ्हाइकाची गादी अंगणात टाकली, गुलाबच्या आईला तिच्यावर बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. “बैठो ना बाई. सांगा पुन्हा, काय काय केलं तिनं?” बिचारी गोंधळून पुन्हा सांगायला लागली. रुबीनाच्या आईने तिसऱ्यांदाही ऐकून घेतलं. निघताना गुलाबच्या आईला वाटेत खायला म्हणून शेवयांचा डबा मिळाला. ती मला म्हणाली, “सर, मी तं भांडाले आली होती.”

दिवाळीच्या आधी मी मॅडमना ते एक पान लिहून दिलं. ‘विद्यार्थिनीने एका मुलास बोचकारले. दोन मुलींनी तिच्याशी कट्टी घेतली, एकीने सोडली. लंगडीत रोज आऊट होते व रोज भांडते. लघवीला एकटी जाते. हजेरीला स्वतः ओरडते.’ मॅडमनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. “म्हणजे रमली नाही म्हणायचं का?” मी म्हटलं, “मॅडम, माझी दोन मुलं लहानपणी घरात अशीच रमायची.” त्यांनी खिडकीतून पाचव्या खांबाच्या जागेकडे पाहिलं. तो खांब आता काढून घेतलेला होता, त्याच्या जागी टेकूला लाकडी बल्ली लावली होती. मग त्यांनी खाली सही केली, ‘याच शाळेत राहावी.’

त्याआधी, दसऱ्याचा मुक्काम संपवून साडभाऊ परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. मी विचारलं, “भाऊ, पोरगी हरली तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

ते हातोडी गुडघ्यावर फिरवत राहिले. “मास्तर, मीबी गावच्या शाळेत होतो सहा महिने. लय जपत होते मले. कोणी मारलं नाई, कोणी शिव्या नाई देल्ल्या. मंग बापानं होस्टेलात नेऊन घातलं. मी बैलगाडीत बसलो तं सारी शाळा रस्त्यावर आली. कोणी नाई रडलं. कोणाशी भांडलोच नव्हतो, तं आठवण कोणाले येईन?”

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी घंटा झाल्यावर रुबीना काठीने चाचपत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, मी रुबीना. सुट्ट्या किती दिवस हायेत?” मी सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं. “एवढ्या? गुलाबची कट्टी अजून सुटाची हाय.” दारात गुलाब तिचं दप्तर न उचलता, फक्त आपलंच दप्तर घेऊन पाठमोरा उभा होता, पण जात नव्हता.

मी संध्याकाळी आलापल्लीला फोन लावून साडभाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, “सोडू नको म्हणा इतक्यात,” आणि तिकडे कशावर तरी हातोडी वाजवू लागले. ती ठकठक थांबेपर्यंत मीही फोन ठेवला नाही.