सतरंजीवरचा देश

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी मंडळाचा मुलांचा वर्ग महिन्यातून दोन रविवारी चर्चच्या सभागृहात भरायचा. बाराखडी, श्लोक, आरती आणि मग खाऊ. मी साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आले आणि हातातला खडू सुटला. त्यामुळे सव्वीस जानेवारीच्या सुमाराला "वहिनी, मुलांना देश कसा झाला ते सांगा," असं कुणी म्हणताच मी पुढचामागचा विचार न करता हो म्हणाले. तास मागितला होता, अर्धा मिळाला. उरलेला अर्धा बटाटेवड्यांचा होता, आणि त्यांच्यापुढे माझी काय मात्रा चालणार.

खरं तर त्या दिवसांत माझं चित्त इतिहासात कमी आणि माझ्या मुलीत जास्त होतं. ती तिसरीत होती. शाळेच्या पटांगणात एका मैत्रिणीने तिला सहज विचारलं होतं, तुम्ही परत कधी जाणार? त्या मुलीच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझ्या पोरीने हाय खाल्ली. खोलीच्या भिंतीवर चित्रं लावू देईना. कशाला लावायची, आपण जाणारच आहोत, म्हणायची. मी समजूत घालायचे, की बाबाचं काम इथेच आहे, इतक्यात कुठे जात नाही. ते "इतक्यात" तिच्या बरोबर ध्यानात राहायचं.

ही मुलं मराठी समजतात, पण उत्तर जर्मनमध्ये देतात. त्यांच्यापुढे भाषण ठोकण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी मंडळाची निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरली आणि सांगितलं, हा देश. बहुतेक मुलं देशात बसली. तिघं परदेशी व्यापारी झाली. बाईंच्या मुलीचे लाड नकोत म्हणून मी तिलाच व्यापाऱ्यांत घातलं. व्यापाऱ्यांनी माल ठेवायला कोपरा मागायचा, कोपऱ्याभोवती दोरी टाकायची आणि ती हळूहळू पसरवत न्यायची. साताऱ्याला हा खेळ मी दरवर्षी घ्यायचे आणि तो कधीच फसला नव्हता.

इथे पहिल्याच पायरीवर गाडी अडली. माझ्या मुलीने कोपरा मागितला, तर सतरंजीवरच्या एका मुलाने शांतपणे तिला मीटफरट्राग दाखवायला सांगितला. भाडेकरार नाही तर जागा नाही, हे त्याने घरी शंभरदा ऐकलं असणार. मागे खुर्च्यांवर बसलेले आईबाप पोट धरून हसले. हा पोरगा तेव्हा सुरतेत असता तर आपला पुढचा सगळा ताप वाचला असता, असं मला वाटून गेलं. शेवटी मीच दामटून खेळ पुढे नेला. दोरी पसरत गेली, सतरंजीवरची मुलं दाटीवाटीने बसत गेली आणि अखेर चिडली. सगळ्यांनी मिळून दोरी गुंडाळली, व्यापाऱ्यांना उठवलं आणि टाळ्या पिटल्या. माझा धडा मला हवा तसा पार पडला होता.

दोघे व्यापारी हसत वड्यांकडे पळाले. माझी मुलगी मात्र सतरंजीच्या कडेला उभीच राहिली. मी तिच्याजवळ गेले.

"आई, आपण पण बाहेरून आलो ना इथे?" ती चक्क मराठीत म्हणाली. "मग आपल्यालाही असंच उठवणार?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, त्यांना आले म्हणून नाही उठवलं, दोरी टाकली म्हणून उठवलं. आपण कुठे दोरी टाकली आहे? तिला ते पटलं नाही. कुणी राहायचं हे ठरवतं कोण, असं तिने विचारलं.

मग मी मुलांना सांगितलं, व्यापारी गेले, देश तुमचा झाला, आता नियम तुम्ही करा. जर्मनमध्ये जोरदार भांडाभांडी झाली. भाडेकरारवाल्यानेच शेवटी "आल्झो", म्हणजे "तर मग", असं म्हणून तोड काढली. कुणीही येऊन बसावं, दोरी आणू नये आणि जो बसेल त्याला हात वर करून मत देता येईल. सगळ्यांना ते मान्य झालं. माझी मुलगी बसली. लगेच पुढचा प्रश्न आला, सतरंजीवर बूट चालतील का? तिने विरोधात हात वर केला, तिची बाजू जिंकली आणि कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली. सुटले बाई, असं मला झालं.

तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुला येतो हात वर करता? म्हणजे खरोखरच्या जर्मनीत?"

"नाही," मी म्हणाले. "आपण इथले नागरिक नाही, म्हणून मला मत नाही."

खोटं बोलता आलं असतं, पण पुढ्यात वर्ग होता. लेकीसमोर असं सांगताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग मुलांकडे वळून तिने जर्मनमध्ये विचारलं, माझ्या आईला इथे बसू द्यायचं का, आणि मतासकट? सतरंजीवरचे सगळे हात वर गेले. मला रडूच आलं. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांनीही हात वर केले होते. त्यांच्यातल्या एकालाही सतरंजीवरच्या त्या देशात मत नव्हतं.