मनोऱ्यातली घंटा

गड्यांनो, या फोटोची खरी किंमत सांगतो: माझे दोन्ही गुडघे आणि बायकोचा रुसवा.

मुलाकडं स्पेनला आलोय. आज इथलं एक जुनं शहर बघितलं. दगडी गल्ल्या, सरदारांच्या दारांवर कोरलेली घराण्याची चिन्हं. बायकोला ती घरं बघायची होती. मी तिला चढावरच्या चर्चकडं ओढत नेलं, ओतीव घंटा ऐकायला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माणदेशातल्या एका गावानं घरटी एकेक फुटकं भांडं दिलं. त्याचीच घंटा मी सांगलीच्या भट्टीत ओतली. आता त्या देवळात बटण दाबलं की मशीन वाजतं. माझी घंटा तरटात गुंडाळून ठेवलीय.

इथं दुपारचे टोल पडले आणि माझे डोळे भरले. "ऐक, अस्सल काशाचा नाद! हा कान कवाच फसत न्हाई."

"आवं, रडताय काय? लोक बघत्यात."

मुलगा रखवालदाराशी बोलून आला. "आण्णा, घंटा कधीच तडकलीय. ओतणारा कुणी मिळत नाही म्हणे."

तुमच्या देवळात अजून हातानं घंटा वाजते का? वाजत असली तर सांगा.

मी ज्याला रडलो तो आवाज भोंग्यातल्या रेकॉर्डिंगचा होता.