मामांची जपलेली गाडी

आमच्या मामांकडे जुनी जर्मन, दोन दारांची, वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी आहे. म्हणजे, गॅरेजमध्ये आहे. गाडी जितकी कमी धावलेली तितके शौकीन जास्त भाव देतात, हे मामांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून महाराज रोज तिला पुसायचे आणि स्वतः बसने फिरायचे. मामीने एखादी चक्कर मागितली की खेकसायचे, “भाव पडेल!”

परवा गिऱ्हाईक आलं. मामांनी ऐटीत किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! वर्षानुवर्षं एका जागी उभी राहून तिच्या रबरी नळ्या तडकल्या होत्या, टाकीत पेट्रोलचा चिकटा झाला होता.

“अहो, अधूनमधून चालवायची तरी!” म्हणत गिऱ्हाईक निघून गेलं. मामांनी कपाळाला हात लावला.

मामीने गाडीवर पुन्हा पांघरूण घातलं आणि ती म्हणाली, “मलाही असंच जपलंत हो तुम्ही. कधी कुठे नेलंत म्हणून नाही!”