थुंकायची बादली

माझ्या भाचीने घरच्या मिक्सरमध्ये वाटाण्याची पूड करून ‘जेवणाऐवजी हे प्या’ म्हणत विकायला सुरुवात केली, आणि आज तिचे तीन कारखाने आहेत. प्रत्येक घाण्याची चव घेते तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. पाण्यात कालवलेला तो राखाडी चिखल तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या बादलीत थुंकायचा. दिवसाला चाळीस पेले. जीभ बिघडू नये म्हणून घरी तिखट बंद, लसूण बंद. भाची स्वतः मात्र दुपारी हॉटेलात जेवते.

बहिणीचं चिपाड झालेलं बघून मी तिला जेवायला बोलावलं. ताजे वाटाणे घालून भात केला. तिने घास घेतला, डोळे मिटून घोळवला आणि सवयीने माझ्या पाण्याच्या तांब्यात थुंकला.

मला शिसारी आली.

“चांगला झालाय गं ताई,” ती ओशाळून म्हणाली.

“मग गीळ की.”

दुसरा घास तोंडात धरून ती बसून राहिली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. घास काही उतरेना.

मी तांब्या मोरीत रिकामा केला आणि भाचीला फोन लावला. म्हटलं, “उद्यापासून चव तू घे. तुझी आई माझ्याकडे राहणार आहे, जेवायला शिकायला.”