मावशी, जरा मीठ देता का?

सकाळी कोर्टात आरोपीचे वकील सांगत होते, "साहेब, माझ्या अशिलाला राग आवरत नाही. क्षुल्लक कारणावरून घडलं." क्षुल्लक कारण म्हणजे आमटी अळणी झाली होती. घडलं म्हणजे बायकोचं मनगट मोडलं. मी मागच्या बाकावर बसून नेहमीसारखी टिपणं काढत होते.

दुपारी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये जामिनावर असलेला तोच आरोपी नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. उसळीचा पहिला घास घेऊन थांबला आणि वाढणाऱ्या बाईंना हसून म्हणाला, "मावशी, जरा मीठ देता का? उसळ अळणी लागतेय." मावशींनी बरणी आणून दिली. त्याने चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि शांतपणे जेवू लागला.

बावीस वर्षं मी फौजदारी कायदा शिकवते. घरातल्या मारहाणीच्या फायली वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला. रागाचा झटका, सुटलेला तोल यांवर पानंच्या पानं लिहिली, विद्यार्थ्यांकडून लिहून घेतली. आणि त्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मिठाची बरणी हाताशीच होती, हे माझ्या एकाही पानावर नाही! डोकं फिरतं अगदी.

वाटलं, न्यायाधीशांना हाताला धरून इथे आणावं. पण चिमूटभर मीठ कुठल्या कोर्टात पुरावा म्हणून चालतं?

जेवण झाल्यावर त्याने बरणीचं झाकण नीट लावलं. "थँक्यू मावशी," म्हणाला.

तो न आवरणारा राग बहुधा घरीच ठेवून आला होता.