धड राहिलेली फळी

लेबरेख्त फोग्टची चित्रे मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत छापली जात. परंतु जर्मनीतल्या त्याच्या गावात त्याची ख्याती होती ती गोळ्या झाडण्याजोगी चित्रे काढणारा म्हणून. नेमबाज मंडळाच्या उन्हाळी उत्सवासाठी तो दरवर्षी एक वाटोळी लाकडी फळी रंगवी. ज्याची गोळी मध्याच्या सर्वांत जवळ लागे, तो वर्षभराचा राजा होई आणि फळी भोकांसकट मंडळाच्या भिंतीवर चढे. लेबरेख्तने तन्मयतेने रंगवलेल्या अनेक हरणांना आणि एका देखण्या दूधवालीला अशीच सद्गती लाभली होती. आपले एक तरी चित्र त्या भिंतीवर धड लागावे, एवढीच त्याची इच्छा होती.

१९१४ च्या उत्सवासाठी त्याने युक्ती योजिली. फळीवर त्याने मंडळाचे अध्यक्ष, बिअरचे कारखानदार ओट्टोकार ह्युमर यांनाच रंगवले. मध्यबिंदू नेमका त्यांच्या पोटावरच्या बटणावर.

"अहो, हे काय काढून ठेवलंत?" पत्नी रोझीना म्हणाली.

"आता मारा म्हणावं गोळी! अर्धं गाव त्यांच्याकडे कामाला, उरलेलं त्यांची बिअर पितं."

युक्ती फळास आली. खाटीक, शिंपी, शाळामास्तर, सर्वांच्या गोळ्या झाडीत गेल्या. लेबरेख्तचा चेहरा उजळत गेला, ओट्टोकार यांचा लाल होत गेला.

"लाज नाही वाटत? एवढं मोठं पोट, आणि एकालाही सापडेना?"

"अध्यक्षसाहेब, तुमच्यावर कशी झाडायची?" खाटीक पुटपुटला.

"आण ती बंदूक इकडे! राजाशिवाय उत्सव उरकता काय?"

आणि ओट्टोकार यांनी स्वतःचे बटण स्वतःच उडवले. "काय हुबेहूब काढलंयस रे लेबरेख्त! मलाच कळ आली!"

ऑगस्टात युद्ध पेटले. लेबरेख्तला बोलावणे आले. निघण्यापूर्वी त्याने पुढच्या उत्सवाची फळी रंगवून ठेवली: दारात बसून वाटाणे सोलणारी रोझीना. पुढील वसंतात तो फ्रान्समध्ये गोळी लागून गेला.

उत्सव पुन्हा भरला तो युद्ध संपल्यावर. ती फळी समोर उभी केली गेली.

"झाडा की," रोझीना म्हणाली. "त्यासाठीच तर काढलीय त्यांनी."

"मास्तर, तुम्ही आधी," ओट्टोकार म्हणाले.

"माझा चष्मा घरी राहिला हो."

खाटकाचा खांदा अकस्मात दुखू लागला. शिंपी दिसेनासा झाला. अखेर ओट्टोकार खेकसले, "कारखान्यातून पिंपाचं झाकण आणा! यंदा त्यावरच झाडू."

त्या वर्षीचा राजा झाकणावर ठरला. लेबरेख्तची फळी खाटकाने भिंतीवर टांगली.

"डावीकडे कललीय हो जरा," रोझीना म्हणाली. आणि खाटीक निमूटपणे पुन्हा स्टुलावर चढला.