वर गेलेले दोन हात

नेल्फी मातेओच्या पायांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. डाव्या मैदानात तो असा धावायचा की चेंडू जमिनीला लागायच्या आधी पोरगा तिथे हजर. तक्रार होती ती त्याच्या हातांबद्दल.

अमेरिकेतल्या एका क्लबने नेल्फीच्या देशात, बोका चिकाजवळ, बेसबॉलची अकादमी काढली होती. सतराव्या वर्षी नेल्फीने तिथे सही केली आणि पगारी खेळाडू झाला. पहिलाच हंगाम, जूनचा दुसरा आठवडा. शेवटच्या डावात त्यांचा संघ एका धावेने पुढे होता, विरुद्ध संघाचा एक गडी पहिल्या बेसवर होता. फटका बसला आणि चेंडू नेल्फीच्या डोक्यावरून मागच्या भिंतीपाशी गवतात जाऊन पडला. नेल्फी विजेसारखा धावला, चेंडूपाशी पोचला आणि दोन्ही हात वर करून शांत उभा राहिला.

चेंडू भिंतीखाली अडकला तर हात वर करायचे, हे बरोबरच. मग पंच येऊन बघतो आणि फलंदाजाला दोन बेस देऊन खेळ थांबवतो. पण हा चेंडू अडकला नव्हता. गवतात उघडा पडला होता, वाकून उचलायचा तेवढा बाकी. पंच येऊन बघेपर्यंत तो गडी आणि फलंदाज दोघेही धावत घरच्या बेसवर पोचले होते, दोन धावा झाल्या होत्या आणि सामना गेला होता.

"अरे, उचल ना लेका!" मधल्या मैदानातून योएल्मी बोंबलत होता. "पुतळा झालास का?"

त्या दिवसापासून नेल्फी जेवायला आला की टेबलावरची सगळी पोरं दोन्ही हात वर करायची. स्वयंपाकीणबाईसुद्धा हातातली पळी वर करून दाखवायची. नेल्फी हसायचा, पण अर्धं ताट तसंच ठेवून उठायचा.

प्रशिक्षक एर्मो, ज्यांना सगळे आदराने 'डॉन एर्मो' म्हणायचे, त्यांनी त्याला बोलावून घेतलं. गुडघा जायच्या आधी ते स्वतः अमेरिकेत खेळून आले होते. फार बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कुठे शिकलास हे?"

"वस्तीवर, डॉन एर्मो. आमच्या मैदानाला तिन्ही बाजूंनी ऊस आहे. चेंडू उसात गेला की हात वर करायचे. दोन बेस, खेळ थांबला. सगळे तसंच खेळतात."

"इथे ऊस नाही. जुलै संपताना यादी लागेल. डाव्या मैदानात तुम्ही तिघं आहात, राहतील दोघं. पाय तुझे सोन्याचे आहेत, बॅटही बरी चालते. पण ज्याचे हात माझं ऐकत नाहीत, त्याला मी ठेवून काय करू?"

नेल्फीने मनाशी खूणगाठ बांधली. रोज न्याहारीच्या आधी तो योएल्मीला उठवायचा. योएल्मी शिव्या घालत भिंतीकडे चेंडू मारायचा. दहा चेंडूंत चारदा नेल्फीचे हात आपोआप वर जायचे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पोरगा स्वतःवरच चिडायचा, मांडीवर थपडा मारून घ्यायचा आणि म्हणायचा, "आणखी दहा."

जुलैच्या मध्यावर रविवारची सुट्टी मिळाली. घरी आई, फेलिसिया, चीज तळत होती. नेल्फीने तिला सगळं सांगितलं. त्याला वाटलं, आई हसेल. तिने आच बारीक केली.

"ते हात खेळासाठी नव्हते रे पोरा. कारखान्याचा राखणदार घोड्यावरून फिरायचा, मांडीवर बंदूक. उसातून बाहेर येणारा प्रत्येक जण त्याला चोर दिसायचा. उसाच्या दोन कांड्यांपायी त्याने तुझ्या मोठ्या मामाच्या पायाशी गोळी झाडली होती. तेव्हापासून चेंडू आत गेला की पोरं हात वर करायची. बघा साहेब, हात रिकामे आहेत, आम्ही आत जात नाही. पुढे त्याचा नियम झाला."

"आणि राखणदार?"

"त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. घोडाही मेला. तुमचे हात तेवढे अजून वर आहेत."

नेल्फीला एकदम राग आला, इतका की कान तापले. लहानपणापासून ज्याला तो खेळ समजत होता, ती भीती होती. आणि ती त्याची नव्हतीच, दुसऱ्याची होती.

दुपारी वस्तीवर सामना होता. तिसऱ्याच डावात चेंडू उसात गेला. नेल्फी न थांबता आत घुसला. पाती दंडावर, मानेवर सपासप लागली. मागून म्हातारा पापो ओरडत होता. चाळीस वर्षं ऊस तोडलेला हा माणूस वस्तीच्या खेळाचा पंच होता.

"दोन बेस! खेळ थांबला! बाहेर ये, गाढवा!"

नेल्फी बाहेर आला तो चेंडू हातात घेऊनच, आणि तसाच त्याने तो घरच्या बेसकडे फेकला. तिथे झेलायला कुणीच नव्हतं. सगळं मैदान त्याच्याकडे आ वासून बघत होतं.

"अकादमीत हेच शिकवतात का रे? वस्तीचा नियम मोडायला?"

"इथे मोडला नाही तर तिथे मोडायचा नाही, पापोकाका. पुढच्या वेळीही मी आत जाणार."

"कापून घेशील अंग."

"घेईन."

संध्याकाळपर्यंत तो सहा वेळा उसात गेला. शेवटच्या वेळी पापोने 'दोन बेस' म्हटलं नाही. कमरेवर हात ठेवून तो नुसता बघत राहिला.

जुलैचा शेवटचा गुरुवार. यादी शुक्रवारी लागायची होती. आठवा डाव, पुन्हा एका धावेची आघाडी, पहिल्या बेसवर गडी. चेंडू डावीकडे गेला, भिंतीला लागला आणि तिला लावलेल्या जाड गादीच्या कडेखाली अर्धा शिरला; अर्धा बाहेर दिसत होता, पंच त्याला अडकला म्हणणार नव्हता. नेल्फी पोचला. त्याचे खांदे वर उचलले गेले, ते त्याला स्वतःलाही जाणवलं. तसाच तो गुडघ्यावर आदळला, कडेखाली हात घातला, बोटं सोलवटून घेत चेंडू ओढून काढला आणि जीव खाऊन फेकला. चेंडू एक टप्पा घेऊन थेट घरच्या बेसवर. धावणारा घसरत आला तेव्हा चेंडू तिथे त्याची वाट बघत होता.

"बाद!"

बाकावरची सगळी पोरं उठली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली. डॉन एर्मोही उठले होते. त्यांचे हात मात्र खिशात होते.

शुक्रवारी न्याहारीच्या वेळी कारकून यादी घेऊन आला आणि घरी जाणाऱ्यांची नावं वाचायला लागला. सात नावं होती, त्यात डाव्या मैदानातलं एक. ते नेल्फीचं नव्हतं. बाजूच्या खुर्चीवरचा रामोन उठला. नेल्फीही उठला, त्याला घट्ट मिठी मारली आणि त्याची पिशवी फाटकापर्यंत नेऊन दिली.

मग त्याने आईला फोन लावला.

"आई, मी राहिलो."

फेलिसियाने आधी दुसरंच विचारलं.

"हात?"

"सोलले गेलेत. पण वर गेले नाहीत."

"मग त्यांना हळद... नाही, औषध लाव," फेलिसिया म्हणाली आणि रडायला लागली. "आणि जेव. पोटभर जेव."